थ्री नॉट थ्री : एका नावाखालची अनेक काडतुसे

२६ सप्टेंबर १९१४. हिंदुस्थानातून निघालेल्या लाहोर डिव्हिजनची पहिली जहाजे फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेय बंदरात लागली. शहर त्यांना पाहायला लोटले होते. आघाडी अजून शेकडो मैल दूर होती, आणि तिकडे निघण्यापूर्वी या शिपायांना एक काम उरकायचे होते. सोबत आणलेली रायफल जमा करायची आणि नवी ताब्यात घ्यायची.

नवी रायफलही ली-एनफिल्डच होती. तिचे कॅलिबरही तेच, ०.३०३ इंच. दोन्ही रायफली शेजारी ठेवल्या तर सामान्य माणसाला फरक सांगता आला नसता. तरीही अदलाबदल टाळता येण्यासारखी नव्हती, कारण फ्रान्समधल्या ब्रिटिश फौजेचे काडतूस वेगळे होते. तिथे मार्क ७ चालत होते आणि हिंदुस्थानी पलटणींच्या रायफलींची नेमपट्टी जुन्या मार्क ६ काडतुसाच्या हिशोबाने आखलेली होती. दोन्ही काडतुसे एकाच चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, बसत, दोन्ही उडत, पण गोळी मात्र वेगवेगळ्या ठिकाणी जाई. ज्या बंदुकीवर शिपायाचा हात बसला होता, ती लढाईच्या तोंडावर बदलावी लागली. महिन्याभरात हे लोक बेल्जियममध्ये ईप्रच्या आसपास जर्मन मशिनगनांसमोर उभे होते.

रायफलींचा इतिहास सांगताना लोक बंदुकीबद्दल बोलतात. तिचा कारखाना, तिचे साल, दस्त्यावरचा शिक्का. काडतुसाकडे मात्र किरकोळ खपाची वस्तू म्हणून पाहिले जाते. वास्तविक रायफल आणि काडतूस मिळून एकच यंत्र होते. त्याचे दोन भाग दोन वेगळ्या कारखान्यांत, कधी दोन वेगळ्या खंडांत आणि दोन वेगळ्या दशकांत तयार होतात आणि सैनिकाच्या हातात पहिल्यांदा एकमेकांना भेटतात. ही भेट कुठे जुळली आणि कुठे फसली याचा सर्वात बोलका दाखला म्हणजे आपल्याकडे थ्री नॉट थ्री म्हणून ओळखली जाणारी रायफल.

तिची सुरुवात १८८८ सालची. ब्रिटिश सैन्याने त्या वर्षी जी मॅगझिन रायफल स्वीकारली, तिचा बोल्ट आणि मॅगझिन जेम्स पॅरिस ली याचे, तर नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे विल्यम मेटफर्डचे. ली स्कॉटलंडमध्ये जन्मला आणि कॅनडात वाढला. मेटफर्ड हा रेल्वेचा इंजिनिअर. १८५७ च्या धामधुमीत तो ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानात होता आणि तिथून प्रकृती बिघडवून घेऊन परतला होता. त्याने नळीसाठी जे आटे काढले ते उथळ आणि गोलसर होते, आणि त्यामागे साधे कारण होते. त्या वेळी काडतुसात काळी दारू भरत. काळी दारू जळली की नळीत भरपूर काजळी साचते. उथळ आट्यांत ती कमी अडकते आणि लवकर साफ होते.

एवढा विचार करून बनवलेली नळी चार-पाच वर्षांतच चुकीची ठरली. नळी तीच होती, दारू बदलली. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी कॉर्डाइट नावाची धूर न करणारी दारू तयार केली. तिच्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलिन असे. ही दारू शेवयांसारख्या लांब काड्यांच्या रूपात असल्यामुळे काडतूस भरण्याची रीतही निराळी होती. आधी सरळ पुंगळीत काड्यांचा जुडगा घालायचा आणि मग पुंगळीची मान आवळायची. कॉर्डाइटमुळे गोळीचा वेग वाढला आणि शत्रूला ठिकाणा सांगणारा धुराचा लोट नाहीसा झाला. पण ती फार प्रखर तापाने जळे, आणि त्या तापाने मेटफर्डचे नाजूक आटे भराभर झिजू लागले. मग एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल, काटकोनी कडांचे आटे काढले. १८९५ साली ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली ती यामुळे. रायफलीचे नाव बदलायला काडतूस कारणीभूत झाले. १९०१ साली नायट्रोग्लिसरीनचे प्रमाण ३० टक्क्यांवर आणून कॉर्डाइटही थोडे सौम्य करण्यात आले.

हिंदुस्थानात या जोडीला आणखी एक पदर होता, राजकारणाचा. १८५७ नंतर देशी शिपायाच्या हातात गोऱ्या सोल्जरपेक्षा एक पिढी मागचे शस्त्र द्यायचे, असे धोरण इंग्रजांनी वर्षानुवर्षे चालवले. १८५८ ची हिंदुस्थानी नमुन्याची मस्केट दिसायला एनफिल्डसारखीच होती, पण तिच्या नळीत आटे नव्हते. नळी ०.६५६ इंचापर्यंत मोठी करून आतून गुळगुळीत ठेवली होती. पुढे गोऱ्या पलटणींना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा देशी पलटणींकडे मार्टिनी-हेन्री आली. १२ सप्टेंबर १८९७ रोजी सारागढीच्या चौकीवर लढून मेलेल्या ३६ व्या शीख पलटणीच्या २१ जणांकडे एकेक काडतूस भरून उडवायची मार्टिनीच होती. याचा परिणाम असा की सरहद्दीवरच्या एकाच मोहिमेत, एकाच डोंगरवाटेवर दोन निराळ्या जातींची काडतुसे खेचरांवर लादून न्यावी लागत. गोऱ्या पलटणीची पेटी शेजारच्या देशी पलटणीला उपयोगाची नव्हती. हे गैरसोयीचे आहे हे इंग्रजांना कळत होते. पण अविश्वासाची किंमत म्हणून त्यांनी ती गैरसोय पत्करली होती.

याच सरहद्दीने ०.३०३ च्या गोळीला एक बदनाम अवतार दिला. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी आल्या की नवी बारीक, निकेलच्या मिश्रधातूने मढवलेली गोळी आरपार जाते, पण धावून येणारा माणूस थांबत नाही. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकाचे आवरण थोडे काढून आतले शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच ही गोळी पसरे आणि भयंकर जखम करी. इंग्लंडमध्ये त्याच हेतूने टोकाला पोकळी असलेली मार्क ३, मार्क ४ आणि मार्क ५ काडतुसे निघाली. या गोळ्यांत आवरण दोन्ही बाजूंनी कमकुवत राहिल्याचा एक धोका होता. क्वचित दाबाने आतले शिसे पुढे निघून जाई आणि आवरण नळीतच राही. त्यावर पुढची गोळी झाडली की नळी फाटण्याची वेळ. १८९९ च्या हेग परिषदेने पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घातली. ब्रिटनने ती लगेच मान्य केली नाही, १९०७ मध्ये केली. तरी ही काडतुसे युद्धासाठी बाजूला पडली आणि पुन्हा पूर्ण मढवलेली गोळी आली. एव्हाना एका ०.३०३ या आकड्याखाली अर्धा डझन वेगवेगळी काडतुसे होऊन गेली होती, आणि ती सगळी एकाच चेंबरमध्ये जात होती.

दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिशांशी लढताना बोअर लोकांनी काडतुसाच्या प्रश्नाची दुसरी बाजू अनुभवली. त्यांच्या ७ मिलिमीटर माउझर रायफली उत्कृष्ट होत्या. पण ब्रिटिशांनी बंदरे आणि रेल्वे ताब्यात घेतल्यावर माउझरची काडतुसे येणे थांबले. गनिमी लढाईच्या काळात बोअर घोडेस्वार पकडलेल्या ली-एनफिल्ड वापरू लागले आणि ब्रिटिश तळ उठला की मागे सांडलेली काडतुसे वेचू लागले. कोणती बंदूक वापरायची हे तिथे तिच्या गुणांपेक्षा काडतूस कुठून मिळणार यावर ठरत होते.

युरोपात याच सुमारास टोकदार गोळीची लाट आली. जर्मनीने १९०५ साली आपले ८ मिलिमीटरचे काडतूस बदलले. १८८८ च्या जुन्या काडतुसाची बोथट गोळी सुमारे ८.०८ मिलिमीटर व्यासाची होती, तर नवी टोकदार गोळी ८.२ मिलिमीटरच्या घरात. फरक केसाएवढा, पण नावात दोन्हीकडे आठच. नव्या गोळीमागे दाबही जास्त होता. म्हणून १८८८ च्या ज्या रायफली नव्या काडतुसासाठी दुरुस्त केल्या, त्यांच्यावर इंग्रजी एस हे अक्षर ठोकले गेले. ते अक्षर नसलेल्या जुन्या रायफलीत नवे काडतूस घालणे आजही जिवावर बेतू शकते. जुन्या लष्करी रायफली जपणाऱ्यांमध्ये या एका अक्षराला जेवढे महत्त्व आहे, तेवढे दुसऱ्या कशालाही नाही.

ब्रिटिशांचे मार्क ७ काडतूस १९१० साली आले. मार्क ६ ची गोळी २१५ ग्रेनची, गोल नाकाची, सेकंदाला दोन हजार फुटांहून थोडी जास्त धावणारी. मार्क ७ ची १७४ ग्रेनची, टोकदार, २,४४० फुटांची. तिच्या टोकात शिशाऐवजी ॲल्युमिनियम किंवा तसाच हलका पदार्थ भरलेला होता, त्यामुळे वजन मागे सरकले होते. हवेत ती सरळ जाई आणि शरीरात शिरल्यावर उलटी फिरे. पण लाखो रायफलींच्या नेमपट्ट्या जुन्या गोळीच्या कमानीवर आखलेल्या. लांब पल्ल्यावर जुन्या पट्टीने नेम धरून नवी गोळी झाडली तर ती माणसाच्या डोक्यावरून जाणार. शिवाय टोकदार गोळी जुन्या मॅगझिनमधून नीट वर सरकत नसे, म्हणून मॅगझिनच्या ओठांतही फेरफार करावे लागले. हे काम ब्रिटनमध्ये आधी झाले. १९१४ साली हिंदुस्थानातल्या पलटणी जुन्याच जोडीवर होत्या, म्हणून मार्सेयला ती अदलाबदल.

ती वेळेवर झाली, हे हिंदुस्थानी शिपायांचे भाग्य. कॅनडाच्या शिपायांना ते लाभले नाही.

बोअर युद्धाच्या वेळी कॅनडाला ब्रिटनकडून पुरेशा ली-एनफिल्ड मिळाल्या नाहीत आणि त्या कॅनडात बनवण्याची सोयही होऊ शकली नाही. तेव्हा सर चार्ल्स रॉस नावाच्या स्कॉटिश सरदाराने स्वतःच्या आराखड्याची रायफल देऊ केली. क्वेबेक शहरात, अब्राहमच्या पठारावर, तिचा कारखाना उभा राहिला. रॉसचा बोल्ट सरळ मागे ओढायचा आणि सरळ पुढे ढकलायचा. ली-एनफिल्डसारखी मूठ वर फिरवायची गरज नव्हती. नळी लांब, जडणघडण काटेकोर आणि चेंबर घट्ट. इंग्लंडमधल्या बिस्लेच्या नेमबाजी स्पर्धांत तिने मोठे नाव मिळवले. तिला काडतुसे पुरवणारे डोमिनियन आर्सेनल क्वेबेकमध्येच होते आणि त्याचा मालही तितकाच काटेकोर होता. शांततेच्या काळात रायफल आणि काडतूस एकाच शहरात जन्मत होते, एकमेकांना शोभत होते. सैन्यमंत्री सॅम ह्यूज यांचा तर या रायफलीवर अढळ विश्वास होता.

फ्रान्समध्ये मात्र काडतूस ब्रिटिश साठ्यातून येऊ लागले. युद्ध सुरू झाल्यावर ब्रिटनमध्ये काडतुसांची मागणी अफाट वाढली. नवे कारखाने, नवे कामगार, घाईने निघणारा माल. मापांत थोडा सैलपणा आला, पितळ कुठे मऊ निघाले. ली-एनफिल्डचे चेंबर मुळात ऐसपैस असल्याने तिला ते खपले. रॉसच्या घट्ट चेंबरला नाही.

काडतूस उडते तेव्हा पितळेची पुंगळी दाबाने फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि दाब उतरताच किंचित आकसते. ती पुरेशी आकसली तरच बोल्ट तिला बाहेर काढू शकतो. पितळ मऊ असेल, चेंबर तापले असेल, त्यात चिखल गेला असेल तर पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरसारखी ती जागेवरच धरून बसते. ली-एनफिल्डची मूठ फिरवताना तरफेचा जोर मिळतो आणि अडकलेली पुंगळी सैल होते. रॉसचा बोल्ट सरळ ओढायचा असल्याने तो जोर जवळजवळ नव्हताच. त्यात आणखी एक दोष होता. बोल्ट मागे आला की त्याचा एक आटा छोट्या अडसरावर आपटे आणि हळूहळू त्याची कड मोडे. मग अडकणे आणखी वाढे.

२२ एप्रिल १९१५ च्या संध्याकाळी ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीन वायू सोडला. फ्रेंचांची फळी फुटली आणि ते खिंडार पहिल्या कॅनेडियन डिव्हिजनने अडवून धरले. पुढचे काही दिवस या लोकांनी विषारी धुरात, तोंडाला ओले फडके बांधून, शत्रूचे हल्ल्यांवर हल्ले परतवले. त्याच वेळी त्यांच्या हातातल्या रायफली बंद पडत होत्या. मूठ हाताने ओढून येईना तेव्हा शिपाई रायफल जमिनीवर टेकवून बुटाच्या टाचेने बोल्टवर लाथा मारत, किंवा खंदक खणायच्या अवजाराने ठोकत. समोरून शत्रू चालून येत असताना प्रत्येक गोळीमागे हे करायचे. त्या लढाईत डिव्हिजनची हानी सुमारे ६,००० माणसांची झाली. जे सुमारे ५,००० वाचले, त्यांतल्या १,४५२ जणांनी रॉस टाकून देऊन मेलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या ली-एनफिल्ड उचलल्या होत्या. हुकूम मोडून घेतलेला हा निर्णय होता. पण त्या माणसांनी रायफल आणि काडतुसाची जोडी स्वतःच्या जिवाच्या मोलाने तपासली होती, आणि तपासणीचा त्याहून खरा अहवाल कुणी लिहू शकला नसता.

चाचण्यांतूनही हेच निघाले. डोमिनियन आर्सेनलच्या काडतुसांवर रॉस सुरळीत चाले, काही ब्रिटिश काडतुसांवर अडके. म्हणजे रायफल एकटी दोषी नव्हती आणि काडतूसही एकटे दोषी नव्हते. दोष होता तो दोघांची गाठ घालून देणाऱ्यांचा. त्यांनी युद्धाआधी ही जोडी खंदकाच्या चिखलात, घाईने बनलेल्या मालावर कधी तपासलीच नाही. चेंबर मोठे करून, अडसर बदलून रॉस सुधारण्याचा प्रयत्न झाला. पण शिपायाचा विश्वास एकदा उडाला तो परत आला नाही. १९१५ च्या जूनमध्ये पहिल्या डिव्हिजनला ली-एनफिल्ड मिळाल्या, इतरांना १९१६ मध्ये. रॉसविरुद्ध उघडपणे लिहिणारे जनरल एडविन आल्डरसन यांना कॅनेडियन फौजेचे नेतृत्व सोडावे लागले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सॅम ह्यूज यांचेही मंत्रिपद गेले. स्नायपरांनी मात्र रॉस सोडली नाही. ओजिब्वा जमातीचा फ्रान्सिस पेगामागाबो याच्या नावावर ३७८ बळी नोंदले गेले, ते याच रायफलीने. सावकाश एकेक गोळी झाडणाऱ्या, शस्त्र चिखलापासून जपणाऱ्या माणसाच्या हाती ती अजूनही बिस्लेचीच रायफल होती.

दोन युद्धांच्या मधल्या काळात ०.३०३ चा परिवार वाढतच गेला. कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोज दारू भरली की मार्कच्या आकड्यापुढे झेड हे अक्षर येई. १९३८ साली खास व्हिकर्स मशिनगनसाठी मार्क ८ झेड निघाले. त्याची गोळी मागे निमुळती असल्याने फार लांब जाई. पण कॉर्डाइटने झिजलेल्या रायफलीच्या नळीत ही निमुळती शेपटी नीट धरली जात नसे आणि नेम बिघडे. म्हणून रायफलधाऱ्यांनी ते एरवी वापरू नये असा दंडक होता. साध्या गोळीच्या काडतुसाच्या बुडाशी, टोपीभोवतीच्या खाचेत जांभळा रंग असे. मागे उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळीला लाल, चिलखत भेदणारीला हिरवा आणि आग लावणारीला निळा. घाईच्या वेळी, मंद उजेडात ओळख पटावी म्हणून केलेली ही सोय होती.

सर्वात साधी आणि सर्वात परिणामकारक खूण मात्र १९४० साली ब्रिटनच्या खेड्यापाड्यांत दिसली. तिची मुळे पहिल्या महायुद्धात होती. तेव्हा ब्रिटनने विंचेस्टर, रेमिंग्टन आणि एडिस्टोन या अमेरिकन कारखान्यांकडून ०.३०३ ची पॅटर्न १९१४ ही रायफल बनवून घेतली होती. अमेरिका युद्धात उतरली तेव्हा त्याच कारखान्यांनी तीच रायफल थोड्या फरकाने स्वतःच्या ०.३० इंची काडतुसासाठी काढली आणि तिला मॉडेल १९१७ हे नाव मिळाले. डंकर्कच्या माघारीनंतर ब्रिटनकडे फारशी शस्त्रे उरली नव्हती. अमेरिकेतून आलेल्या लाखो मॉडेल १९१७ होमगार्डमधल्या शेतकऱ्यांच्या, कारकुनांच्या, म्हाताऱ्या माजी सैनिकांच्या हाती गेल्या. आता एकाच गावात जुळ्या बहिणींसारख्या दोन रायफली आणि दोन जातींची काडतुसे. ०.३०३ च्या पुंगळीला बुडाशी बाहेर आलेली कड असते, अमेरिकन पुंगळी बिनकडेची आणि लांबीला जास्त. चुकीचे काडतूस बळाने कोंबले तर रायफल ऐन वेळी निकामी. मग अमेरिकन रायफलींच्या लाकडावर सुमारे दोन इंच रुंदीचा लाल पट्टा रंगवण्यात आला. रात्री शेताच्या बांधावर पहारा देणाऱ्या माणसाला कागद वाचायची गरज उरली नाही. लाल पट्टा म्हणजे अमेरिकन काडतूस.

जपानला अशी खूण सुचली नाही, किंवा सुचूनही जमले नाही. त्यांच्याकडे एका ७.७ मिलिमीटर या मापाखाली तीन काडतुसे होती. नौदलाचे कडेचे काडतूस म्हणजे ब्रिटिश ०.३०३ चीच नक्कल, कारण त्यांची लुईस आणि व्हिकर्सवर बेतलेली मशिनगन तेच खाई. पायदळाच्या जड मशिनगनचे काडतूस अर्धवट कडेचे आणि टाइप ९९ रायफलीचे बिनकडेचे. जड मशिनगन रायफलीचे काडतूस चालवून घेई, उलट मात्र नाही. पॅसिफिकमधल्या दूरच्या बेटांवर रसद तुटलेली असताना नौदल आणि पायदळ एकमेकांच्या पेट्या उघडत तेव्हा हा गोंधळ फार महाग पडे.

हिंदुस्थानात १८६९ पासून पुण्याजवळ खडकीचा दारूगोळा कारखाना चालू होता, आणि दुसऱ्या महायुद्धात ०.३०३ च्या काडतुसांवर त्याचा के-एफ हा शिक्का दूरदूरच्या आघाड्यांवर पोहोचला. बंगालमध्ये इशापूरला १९०४ पासून रायफल कारखाना होता आणि तिथे ली-एनफिल्ड बनत होती. या कारखान्याने पोलिसांसाठी एक विलक्षण जात तयार केली. ०.३०३ च्या रायफलीची नळी पोखरून ०.४१० इंचाची गुळगुळीत केली, मॅगझिन लाकडाने बुजवले, आणि एका वेळी एकच गोळी झाडणारी मस्केट बनवली. तिचे काडतूस म्हणजे मान न आवळलेली ०.३०३ ची पुंगळी. यामागचा हिशोब १८५८ च्या मस्केटसारखाच होता. चौकी लुटली गेली, बंदूक हातची गेली, तरी तिच्यात लष्कराचे ०.३०३ काडतूस उपयोगी पडू नये. काडतूस आणि बंदुकीची जोडी हेतुपुरस्सर तोडून केलेला हा बंदोबस्त होता, आणि आपल्याच लोकांविरुद्ध वापरायच्या शस्त्रात तो केला होता हे विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतरही भारतीय जवान ली-एनफिल्ड घेऊनच उभा होता. १९६२ च्या युद्धात चिनी सैनिकांच्या स्वयंचलित आणि अर्धस्वयंचलित शस्त्रांसमोर बोल्ट ओढून एकेक गोळी झाडण्याची त्याच्यावर वेळ आली. सैन्याने ७.६२ मिलिमीटर नाटो काडतूस स्वीकारले होते, पण त्याची सेल्फ लोडिंग रायफल सगळ्यांना पुरेल इतकी तयार व्हायला वेळ होता. तोवर इशापूरने जुन्याच साच्याची एक रायफल नव्या काडतुसासाठी काढली, २ ए आणि मग २ ए १. पोलाद अधिक बळकट, मॅगझिन दहाऐवजी बारा गोळ्यांचे आणि चौकोनी. २ ए ची नेमपट्टी जुन्या वळणाची, २,००० पर्यंत आकडे असलेली. २ ए १ ची ८०० मीटरपर्यंतची. काडतुसांची वाढती गरज भागवायला १९६४ साली जळगाव जिल्ह्यात वरणगावला नवा कारखाना उभा राहिला आणि ओ-एफ-व्ही हा शिक्का खडकीच्या जोडीला आला.

०.३०३ मात्र पोलिसांकडे टिकून राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेऊन आलेल्या अतिरेक्यांसमोर काही पोलिसांच्या हाती हीच रायफल होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला २०२० च्या प्रजासत्ताक दिनी समारंभाने निरोप दिला.

इशापूरच्या रायफली आता जगभरच्या संग्राहकांकडे आहेत, आणि मार्सेयच्या धक्क्यावरचा प्रश्न त्यांच्यापुढे रोज उभा राहतो. हातात आलेली रायफल लांबून थ्री नॉट थ्री दिसते, पण मॅगझिन चौकोनी असेल तर ती ७.६२ ची असते. जाणकार आधी दस्त्याच्या पुढच्या धातूच्या कड्यावरची उजवी बाजू पाहतात, कारण २ ए १ वर कॅलिबर तिथे ठोकलेले असते. ०.४१० ची मस्केट असेल तर काम आणखी अवघड. अमेरिकेत अशा कित्येक मस्केटींची चेंबरे तिथल्या छऱ्याच्या काडतुसासाठी पुन्हा पोखरली गेली आहेत आणि शिक्का मात्र जुनाच आहे. अशा वेळी कमी तापावर वितळणारा मिश्रधातू चेंबरमध्ये ओततात, तो थिजला की ठसा बाहेर काढतात, आणि मायक्रोमीटरने त्याची मान, खांदा आणि बूड मोजून मगच काडतुसाची पेटी उघडतात.